तानह्योल

इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, आमच्या शेजारी राहतात ते मूळचे आइसलँडचे. मी त्यांना काकाच म्हणते. जन्मभर त्यांनी बोटींची इंजिनं दुरुस्त केली, मी गिअरबॉक्सची डिझाइनं करत आले. त्यामुळे त्यांचं बर्फ काढायचं मशीन उघडलं की मी गॅरेजमध्ये हजर. तिथला आमचा रिवाज ठरलेला: हाताला लागेल त्या भागाचं नाव त्यांनी आइसलँडिकमध्ये सांगायचं, मी मराठीत, आणि मग एकमेकांचा शब्द म्हणून दाखवायचा.

गिअर निघाला तेव्हा ते म्हणाले, "तानह्योल. तान म्हणजे दात, ह्योल म्हणजे चाक." मी चाटच पडले. कुठे त्यांचं बर्फाळ बेट, कुठे माझं कोल्हापूर, आणि दोन्हीकडच्या लोकांना त्यात दातच दिसावेत. "आमचंही दंतचक्रच," मी म्हटलं. पुढे तोच आमचा रामराम झाला. कुंपणाशी मी "तानह्योल" म्हणायचं, त्यांनी "दंतचक्र".

मागच्या हिवाळ्यात त्यांना स्ट्रोक आला आणि इंग्रजी पार पुसलं गेलं. "नुसता बरळतो," त्यांची अमेरिकन बायको, आमच्या काकू, म्हणाल्या. आइसलँडिक काकूंना येत नाही, घरात कधी लागलंच नव्हतं. "मलाही ओळखत नाही. आतलं सगळं संपलंय." काकांना कायमचं नर्सिंग होममध्ये, म्हणजे आजारी वृद्धांच्या संस्थेत, ठेवायचं काकूंनी जवळजवळ ठरवलं होतं. मला रागच आला. पण हॉस्पिटलात जायची माझीही छाती होईना.

नवरा म्हणाला, "अगं, एकदा व्हिजिट करून ये. नाही ओळखलं तर नाही, यार."

गेले. काका भिंतीकडे बघत पडले होते, काकू शेजारी बसलेल्या. काय बोलावं सुचेना म्हणून म्हटलं, "तानह्योल."

मान हळूहळू वळली. जीभ जड झाली होती, तरी ते म्हणाले, "दंत... चक्र."

इतक्या वर्षांचं इंग्रजी गेलं आणि हा शब्द राहिला? मला आनंद व्हायला हवा होता, पण काकूंकडे पाहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"माझं नाव त्याला येत नाही," त्या म्हणाल्या. "हे येतं."

मग त्यांनी खुर्ची पलंगाला टेकवली. "मला शिकव. तुझा नको, त्याचा शब्द."

मी सांगितला. त्यांनी म्हटला, साफ चुकीचा. काकांनी कपाळाला आठी घातली, गॅरेजमध्ये माझा उच्चार चुकला की घालायचे तशीच. "तान. ह्योल," ते म्हणाले, आणि काकू पुन्हा म्हणेपर्यंत त्यांच्यावरची नजर हलवली नाही.