कैरोहून पिंपळगावला

लढाई संपल्याच्या पुढच्या वर्षी, श्रावणात, पिंपळगावला आमच्या घरी तार आली. तार म्हटल्यावर सासूबाईंनी आधी रडायलाच सुरुवात केली. सासऱ्यांनी शाळेतल्या मास्तरांना बोलावलं. त्यांनी वाचलं, "परवा कैरोहून विमानाने निघालो. कराचीला पोचलो. घरी येतो."

माझे यजमान तिकडे फौजेच्या विमानांच्या कारखान्यात मिस्त्री होते. लग्नानंतर सहा महिन्यांतच गेले. चार वर्षं मी त्यांना पाहिलं नव्हतं.

सासऱ्यांना पटेना. "परवा तिकडं आन् आज कराचीत? मास्तर, बराबर वाचा."

मास्तरांनी शाळेतला उर्दू नकाशा आणून ओसरीवर पसरला आणि दोरा लावून अंतर मोजलं. "हजार-अकराशे कोस. बैलगाडीनं साडेतीन महिने लागतील. तेही मधात समुद्र नसता तर." मी दाराआडून पाहत होते. दोरा वीतभरसुद्धा नव्हता.

कराचीहून जालन्यापर्यंत रेल्वेचे चार दिवस, पुढे बैलगाडीचे दोन, असा हिशेब धरून सासूबाईंनी सहाव्या दिवशी पुरण शिजवलं. हे आले नाहीत. वाटेत पूर्णा नदीला पूर होता. जालन्याहून निघालेले हे तीन दिवस नदीपलीकडच्या देवळात अडकून पडले होते. नवव्या दिवशी गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेले दारात उभे राहिले.

घर माणसांनी भरलं. वरून काय काय दिसलं, हेच प्रत्येकाला ऐकायचं होतं.

"काय बी न्हाई. सामानाच्या पेट्यांवर बसल्तो. खिडकी पार वर होती."

लोक हिरमुसले आणि उठून गेले.

त्यानंतर हे गप्पच झाले. विचारलं तेवढंच बोलायचे, तेही परक्या घरी आल्यासारखं. मला वाटलं, मी आता त्यांना आवडत नसेन. उन्हातान्हात मी काळवंडले होते. एक दिवस शेतात दोघंच होतो तेव्हा धीर करून विचारलं, "माझं काही चुकलं का?"

ते बांधावर बसले. मग म्हणाले, "तुझं कायबी न्हाई चुकलं. जाताना जहाजानं गेल्तो. रोज थोडं थोडं घर मागं सुटत गेलं, मनाला सवय झाली. येताना दोन दिवसांत कराचीत आणून टाकलं. मी अजून वाटेवरच हाय, येऊनच राह्यलोय."

चार वर्षांत मलाही त्यांच्या नसण्याची सवय झाली होती. त्यांची वाट पाहणं मला जमत होतं, त्यांच्यासोबत राहणं नव्यानं शिकायचं होतं. हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटली नाही.

दसरा झाला, ज्वारीची पेरणी सुरू झाली. एके रात्री जेवताना त्यांनी ताट सरकवलं. "भाजीत मीठच न्हाई! ध्यान कुठं असतं तुझं?"

"पेरणीला दिवसभर राबून वर सैपाक मीच करते. मीठ घ्या की हातानं!" मी पहिल्यांदाच उलटून बोलले.

"भांडू नका रे," सासूबाई बाहेरून ओरडल्या. यांनी मुकाट्यानं मीठ घेतलं. मी चुलीकडे तोंड फिरवून हसले.