चौदाव्या प्रश्नाला ‘हो’

“चाचा, ये औरतों का सवाल है. आगे बढ़ो.”

क्लिनिकचा बाबू असं बोलला आणि मागची सगळी रांग हसली. मी त्रेसष्ट वर्षांचा. सौदीत, जुबैलमध्ये कंपनीची बस चालवतो. चालवत होतो. वर्षातून एकदा आमची तपासणी व्हायची, तिचा फॉर्म असायचा. पुरुषांना बाबू काही विचारतच नसे. फार तर, काम झेपतं ना? बाकी सगळीकडे स्वतःच ‘नाही’वर खूण करायचा. आम्ही खाली सही करायची. अशा अठरा सह्या मी न वाचता केल्या.

बायको गेल्यापासून कसली घाई राहिली नाही. म्हणून या वेळी वाचला. चौदावा प्रश्न: मरून जावं असं मनात येतं का?

मी म्हटलं, “हाँ. आता है.”

“मर्द होके?” आता बाबूही हसला.

माझी बायको गावाला असायची, रत्नागिरीकडे. मी दोन वर्षांनी एकदा जायचो. मागच्या साली फोनवर म्हणाली, “अवो, वाटतं एकदाचं संपून जावं.” बस गेटवर उभी होती, शिफ्ट सुटत होती. मी म्हटलं, “बायकांचं हे रोजचंच. डोक्याला तेल लाव नि झोप.”

“बरं,” म्हणाली.

आठव्या दिवशी तिनं जीव दिला. मी पोचलो तोवर दफन झालं होतं. लोकांना सांगितलं, तापानं गेली.

आता बाबूच्या तोंडून माझंच बोलणं ऐकत होतो. ती बाई, म्हणून मी ऐकलं नाही. मी मर्द, म्हणून हा ऐकत नव्हता.

पेन खाली ठेवलं. “हाँ लिखो. नहीं तो सही नहीं करता.”

“गाड़ी जाएगी, चाचा. घर भेज देंगे.”

“लिखो.”

लिहिलं त्यानं. त्याच दिवशी बस माझ्या हातून गेली. आता इकामा, म्हणजे इथला राहायचा परवाना, संपेपर्यंत मेसमध्ये भांडी घासतो. डॉक्टरकडे दर आठवड्याला जातो. मनात अजून येतं, ते त्याला सांगतो.

परवा एक वेल्डर मोरीवर आला. रांगेत माझ्या मागेच होता, हसलाही होता. हळूच म्हणाला, “चाचा, मेरा भी हाँ था.”

हातातलं पातेलं बाजूला ठेवलं. त्याला बसवलं. “कब से?” विचारलं. तिला हे विचारलं नव्हतं.

गावी गेलो की मशिदीबाहेर उभा राहून सगळ्यांना सांगणार आहे. ती तापानं गेली नाही. तिनं मला सांगितलं होतं.