शशीच्या चालीतून शशीलाच काढलं

माझ्या भावाला श्रद्धांजली म्हणून आज मैदानावर जी चाल वाजणार आहे, तिच्यातून माझा भाऊच काढून टाकलाय.

रागाच्या भरात लिहीत नाहीये. दोनदा वाचून पोस्ट करतेय.

शशी मंगळवारी गेला. माझा धाकटा भाऊ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : शशी डबल बास वाजवायचा. व्हायोलिनच्या घरातलं सगळ्यात थोरलं वाद्य. माणसाहून उंच. उभं राहून, मिठी मारल्यासारखं धरून वाजवायचं.

मुंबईत एका म्हाताऱ्या गोवेकर मास्तरांकडे शिकला आणि पुढे तीस वर्षं पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत उभा राहिला.

रिटायर होऊन रत्नागिरीला परतला, तेव्हा ते वाद्य वाशीला आंबा उतरवून रिकाम्या येणाऱ्या ट्रकमधून आलं. अख्खी वाडी बघायला जमली.

"कपाट झकास आहे हो," कुणीतरी म्हणालं.

"आहे ना. फक्त कपडे मावत नाहीत," शशी म्हणाला.

रत्नागिरीत ऑर्केस्ट्रा नाही. कबड्डी आहे.

मग तो क्लबांसाठी संगीत करायला लागला. संघ मैदानात उतरताना वाजवायची चाल. दापोलीच्या खो-खोच्या मुलींसाठी केली, चिपळूणच्या क्रिकेटवाल्यांसाठी केली. पण पहिली आमच्या वाडीच्या कबड्डी मंडळासाठी. मोबदला एक नारळ.

महिनाभर तो रोज संध्याकाळी प्रॅक्टिसला जाऊन बसायचा. हातात स्टॉपवॉच. चढाईला गेलेला गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणत एका दमात किती टिकतो, ते मोजायचा.

तेव्हा सगळ्यात दमदार गडी महेश. महेशचा दम जेवढा, तेवढी लांब बासची एक ओळ. मध्ये कुठेही न तुटणारी. वर ढोल-झांजांनी काय हवा तो दंगा करावा, खाली ती ओळ चालू. ती संपली की क्षणभर सगळंच गप्प. मग पुन्हा चढाई.

हे एवढं आहे त्या चालीत. बाकी ढोल कुणीही वाजवतो.

काल मंडळाचे तिघे घरी आले. चेहरे पाडून.

"ताई, उद्या टूर्नामेंटचं उद्घाटन. काकांना त्यांच्याच ट्यूनने ट्रिब्यूट द्यायचंय. नवीन व्हर्जन आहे."

मोबाइलवर ऐकवलं.

"बास कुठाय?" मी विचारलं.

"तो ना ताई, डीजेने काढला. मोबाइलवर ऐकूच येत नाय ओ. पोरं रील करतात, तिथे नुसती खरखर येते."

"म्हणून वाद्य काढलंत?"

"ताई, फील तोच आहे."

फील!

मग बॅनर दाखवला. शशीचा फोटो आणि शेजारी गिटार. नेटवर तीच चांगली मिळाली म्हणे.

किळस आली. याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

आणि हे पहिल्यांदा झालेलं नाही. गेल्या वर्षीच्या उद्घाटनाला शशी पहिल्या रांगेत बसला होता. सत्काराची शाल माझ्या मांडीवर, कारण त्याचे हात थरथरायचे. चाल सुरू झाली आणि माझ्या लगेच लक्षात आलं, खाली बास नाही. मी उठले.

"बस," शशी म्हणाला. "पोरांचा दिवस आहे."

मी बसले.

पस्तीस वर्षं वर्गात चूक तिथल्या तिथे दाखवली आणि त्या दिवशी शाल सांभाळत बसले. ती किळस माझी मला येते.

रिक्षात त्याने विचारलं, "ताई, काय ऐकलंस?"

"ढोल."

इतका हसला, की रिक्षावाल्याने वळून बघितलं. हसू ओसरल्यावर म्हणाला, "मी गेल्यावर एकदा अख्खं लाव. एकदा पुरे."

"मंडळ लावेल की."

"ते नाही लावणार. तू लाव."

म्हणून काल त्या तिघांपुढे मूळ रेकॉर्डिंगचा पेन ड्राइव्ह ठेवला. साडेतीन मिनिटं आहेत, एवढी एकदा वाजवा.

"यूट्यूबवर लाइव्ह आहे ताई, पाहुण्यांची भाषणं आहेत. बघतो."

आपल्याकडे 'बघतो' म्हणजे नाही. पेन ड्राइव्ह परत उचलला. सांगितलं, त्या आवाजावर माझ्या भावाचं नाव पुकारायचं नाही.

ते गेल्यावर महेश आला. आता टेम्पो चालवतो, पोट सुटलंय. उंबऱ्याबाहेरूनच सुरू झाला, "ताई, काकांनी माझा दम मोजलानी होता. तो काढायला ह्यांना कुणी सांगितलान?"

"ओरडू नको," मी म्हटलं. "मोठा स्पीकर आण."

आज सकाळी आणलान. अंगणात लावून बघितला. तो आवाज कानाआधी पायांना लागतो. लादीतून वर चढतो. इतक्या वर्षांत मीही तो असा कधी ऐकला नव्हता.

महेश पायरीवर बसला होता. ओळ सुरू झाली आणि त्याने नकळत दम धरला. मान ताठ, डोळे समोर.

अर्ध्यावर सुटला त्याचा. खोकायला लागला.

शशी पुढे वाजवत राहिला.

तर आज संध्याकाळी सात वाजता, आमच्या अंगणात, एकदाच. ज्यांना मैदानावर जायचंय त्यांनी खुशाल तिकडे जावं. सुतकात संगीत कसलं, असं विचारणाऱ्यांनी घरीच थांबावं. भाषण नाही, बॅनर नाही, चहा नाही. साडेतीन मिनिटं गप्प बसायचं आणि घरी जायचं.

शशी, थोरली मी आहे. पण आज नमस्कार मी करतेय.