बटेरांच्या खाद्यात नान

पडेगावला आमच्या घरामागं बटेरांची शेड आहे. मी आणि मोठ्या जाऊबाई मिळून ती चालवतो. बटेरांच्या खाद्यात निम्मा मकाच असतो, पिल्लांना ताकद मिळते ती त्यातूनच. एका वर्षी मक्याचं पोतं सोडलं तर दाण्यांवर हिरवट बुरशी. असा मका घातला असता तर पिल्लं दगावली असती.

“आता काय घालायचं?” जाऊबाईंनी विचारलं.

“नान,” मी म्हणाले.

त्या हसल्या. पण माझं ठरलं होतं. शहरात क्रांती चौकाच्या पुढं ज्या भट्टीतून आम्ही नान आणायचो, तिथं उरलेल्या नानांचा ढीग मी नेहमी बघायची. नान म्हणजे शेवटी गहूच. मक्यासारखीच ताकद देणार.

भट्टीवाले चाचा म्हातारे होते. कुणासाठी नेतेस, म्हणून त्यांनी विचारलं.

“बटेरांसाठी, चाचा.”

“बटेर को नान? नसीबवाले हैं,” ते म्हणाले आणि त्यांनी स्वतः पोतं भरून दिलं. “मगर धूप में अच्छा सुखाना, बेटी.”

गच्चीवर नान कडक वाळवले आणि चक्कीवरून भरडून आणले. जाऊबाई मात्र ऐकायला तयार नव्हत्या.

“माझ्या पिल्लांना नाय घालायचं हे.”

मग शेडमध्ये मधोमध जाळी लावली. त्यांनी माहेरहून चांगला मका मागवला. माझ्या बाजूला नानाचा भरडा. सोयापेंड आणि बाकी सगळं दोन्हीकडं सारखंच.

थोड्याच दिवसांत माझ्या बाजूला खाली अंथरलेला भुसा ओला राहू लागला. पिल्लं सारखी पाण्यावर.

“म्हणलं नव्हतं का मी?” जाऊबाई म्हणाल्या.

मला वाईट वाटलं, पण माघार घ्यावीशी वाटली नाही. चिमूटभर भरडा जिभेवर ठेवला. खारट. नानात आधीच मीठ, आणि सवयीप्रमाणं मी खाद्यात वरून मीठ घालतच होते. ते बंद केलं, भुसा बदलला. मग पिल्लांचं पाणी बेतात आलं आणि शेड कोरडी राहू लागली.

विक्रीच्या सकाळी काटा जाऊबाईंनीच धरला. आधी त्यांची पाखरं तोलली, मग माझी. फरक काही दिसेना. त्यांनी माझी पुन्हा एकदा तोलली.

“व्हय गं, सारखीच हायेत,” त्या म्हणाल्या. “पुढच्या खेपेला भट्टीवर मी पण येते. चांगले नान निवडून घेऊ.”

लग्नसराईत नान भरपूर मिळतात, तेव्हा मक्याला हात लावत नाही. एरवी नान कमी पडतात, म्हणून त्यात बाजरी भरडून मिसळतो. कुणी नवीन माणूस शेड बघायला आला की जाळी का काढली, ते आता जाऊबाईच सांगतात, आणि मीठ घालू नका हेही त्याच बजावतात.