नसीमला भिंत का चढायची होती

मंडळी, आज आयुष्यात पहिल्यांदा क्लायंबिंगची भिंत चढून आले. कळंब्याकडं नवीन हॉल झालाय तिथं.

नसीम माझी शाळेपासूनची मैत्रीण. पंखा पुसायला स्टुलावर चढायचं झालं तरी मला शिवाजी पेठेतून बोलावून घेणारी. तिनंच काल फोन केला, "भिंत चढायला जाऊया." का, विचारलं तर म्हणाली, "उगंच की." तिथंच मला शंका आली.

बिस्किटाच्या पुड्यावरची तारीखसुद्धा वाचणाऱ्या या बाईनं तिथला फॉर्म न वाचताच सही केली. शंका वाढली.

मी थोडं चढून उतरले. मग तिची पाळी. तिच्या कमरेला बांधलेला दोर माझ्या हातात, शेजारी तिथले शिकवणारे सर. ती अर्ध्यावर थांबली. भिंतीला चिकटून राहिली, पण उतरायला तयार नव्हती.

"नसीम, काय लपवतीस?"

भिंतीकडंच बघत ती म्हणाली, "आम्ही पुण्याला चाललोय. कायमचं. अकराव्या मजल्यावर घर हाय. बाल्कनीत उभारायला तरी यायला पाहिजे की."

मी दोर घट्ट धरला. ती वरपर्यंत गेली.

हे आधीच कळलं असतं, तर तिची भीती घालवायला मी गेले असते का? तुम्ही गेला असता?