पौर्णिमेच्या दुपारी हळद

सातवीनंतर शाळा सुटली आणि काही वर्षांनी आमच्या कोरड्या गावातून मी थेट मढला आलो. समुद्र तोवर चित्रातच पाहिलेला. शूटिंगला भाड्यानं जाणाऱ्या एका बंगल्याची राखण मिळाली. मालकीण कोळीवाड्यातल्याच, सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांनी खोली दिली, ताटात रोज मासळी वाढली. उपकार एवढे, की काही चुकेल या धास्तीनं मला घास नीट उतरत नसे.

त्यांच्या मुलीच्या हळदीचा मांडव त्यांनी माझ्यावर सोपवला. वाळूतच घाल म्हणाल्या. मी हुशारी केली. अष्टमीच्या संध्याकाळी भरती कुठवर येते ते पाहून काठी रोवली. पुढच्या आठवड्यात, हळदीच्या सकाळी, काठीच्या चार हात वर खुर्च्या मांडल्या. आमच्या विहिरीचं पाणी आठवड्यात हलून हलून कितीसं हलतं?

त्या दिवशी होती पौर्णिमा. नवरीला हळद लागत होती, बेंजो जोरात होता, आणि बाराच्या सुमारास पाणी काठी ओलांडून पहिल्या रांगेखाली शिरलं. गेली नोकरी, गेली खोली.

मावशी चुलीपासून धावत आल्या. "काय रं, चंद्राला आवतन तू दिलंस?"

बायका हसत सुटल्या. नवरी शाळेत विज्ञान शिकवायची. पिवळ्याजर्द तोंडानं ती मला म्हणाली, "दादा, पाण्याला चंद्र ओढतो, सूर्यही ओढतो. अष्टमीला दोघांची दोन तोंडं. आज एका रेषेत आलेत, म्हणून उधाण."

"पण सूर्य केवढा मोठा. त्याचंच चालत असेल ना?"

"वजनानं मोठाच. पण लांब आहे ना. लांब गेलं की भरती आणणारी ओढ भराभर घटते. चंद्र बारका, पण जवळचा. भरतीत त्याचंच जास्त चालतं."

"हिच्या तोंडाला हळद लावा गं," नवरीची आत्या म्हणाली, "लग्नात पन शाला भरवंल ही."

मांडव सोडून कुणी गेलं नाही. साड्या खोचल्या गेल्या आणि घोट्याएवढ्या पाण्यात नाच सुरू झाला. मलाही ओढलं. पायाखालची वाळू सरकत होती आणि मी हसत होतो.

संध्याकाळी मावशींनी हाक मारली. मी मनात पिशवी भरूनच गेलो.

"उद्याचा मांडव अंगनात. तूच घाल."

"मीच?"

"मग कोन? आता तुला पानी कललं ना."

अंगण समुद्रापासून चांगलं उंचावर होतं. तरी मी आधी कॅलेंडरात तिथी पाहिली.