गिरणीच्या संघातला सगळ्यांत मोठा

समोरच्या माणसाचं गाव कळलं, की आमच्या आप्पांना त्याचं नाव विचारायची गरज वाटत नसे. दुसरा प्रश्न ठरलेला असे, "तुमच्याकडच्या कबड्डी संघात आजवरचा सगळ्यात मोठा खेळाडू कोन?" औषधाच्या दुकानात, बँकेच्या रांगेत, कुठेही. एकदा रक्त तपासायला आलेल्या मुलीलाही त्यांनी हेच विचारलं. ती औंधची निघाली. तिनं बिचारीनं आपल्या मामाचं नाव सांगितलं आणि सुई बाहेर निघेपर्यंत आप्पांनी तिच्या मामाला यादीतून काढून टाकलं होतं.

आप्पा माझे सासरे. माधवनगरच्या कापड गिरणीत मागावर होते, पण गिरणीनं त्यांना घेतलं होतं ते चढाईसाठी. त्या काळी गिरण्या आणि साखर कारखाने चांगला खेळाडू हेरून त्याला नोकरी देत आणि आपल्या संघातून खेळवत. पुढे गिरणी बंद पडली, संघ मोडला. सगळ्यात मोठा कोण, हा वाद तेवढा चालू राहिला.

मी फलटणची. मला बघायला ही मंडळी आली, तेव्हा मी पोह्यांच्या बशा ठेवून मान खाली घालून बसले. आप्पांनी शिक्षण विचारलं नाही की स्वयंपाक विचारला नाही. म्हणाले, "पोरी, तुमच्या कारखान्याच्या संघात सगळ्यात मोठा कोन गं?" मी ग्रंथालयात नोकरी करणारी, मैदानाकडे पाठ करून पुस्तकं वाचणारी. "मला नाही माहीत," म्हणाले. तेवढ्यात आमचे शेजारी नाना खाकरले. आमच्या बाजूचे वडीलधारे म्हणून ते कोपऱ्यात बसले होते. आप्पांनी वर पाहिलं.

"आरं! तू त्यो कारखान्याचा डावा कोपरा नव्हं?"

"आनि तू त्यो गिरणीचा बेडूक!" नाना म्हणाले. आप्पा मैदानात पकड चुकवायला उड्या मारत, म्हणून फलटणकरांनी त्यांना ठेवलेलं हे नाव होतं.

मग दोघांनी जुने सामने काढले. पोहे गार झाले, माझ्या वडिलांनी दोनदा विषय बदलून पाहिला. निघताना मुलगी पसंत आहे हे सांगायचं राहूनच गेलं. ते सुधीरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, दुसऱ्या दिवशी फोन करून कळवलं.

आप्पांच्या वादाला एक नियम होता आणि तो त्यांनी स्वतः केला होता. आपल्या संघातला मोठा कोण, हे आपण सांगायचं नाही. ते समोरच्या संघानं सांगायचं. "आपल्या पोराला कोन वाईट म्हनंल?" ते म्हणत. "ज्यानं मार खाल्लाय त्याला इचारा. त्याचं गुडघं अजून दुखत्यात, त्यो खोटं बोलायचा न्हाई." त्यामुळे फलटणच्या कारखान्याचा मोठा खेळाडू आप्पांनी ठरवला होता आणि ते नाना होते. नानांच्या तोंडावर त्यांनी ते केव्हाच कबूल केलं होतं. फलटणकरांनाही ते मान्य होतं.

अलीकडे टीव्हीवर गाद्यांवरची कबड्डी आली. चकचकीत कपडे, दिवे, खेळाडूंचे लिलाव. आप्पा एकही सामना चुकवत नसत आणि एकाही सामन्यात गप्प बसत नसत. खेळ त्यांना आवडे, पण दर हंगामाला संघ बदलणारे खेळाडू बघून ते कोड्यात पडत. "औंदा हिकडं, पुढल्या वर्षी तिकडं. मग ह्या संघाचा मोठा म्हनायचा कुनाला?" दोन-तीन दिवस ते याच विचारात होते. मग एका सकाळी चहा पिताना त्यांनी निकाल दिला, "हारल्यावर बी जो त्याच बनियनमधी परत आला, तेवढ्यांचीच नावं घ्यायची." त्यानंतर वाद थोडक्यात आटपू लागला, कारण नावंच फार उरली नाहीत.

सांगण्यापेक्षा करून दाखवण्यावर त्यांचा भर होता. एका लग्नात पंगतीला बसलेले असताना नानांची घोट्याची पकड कशी होती, हे शेजारच्या पाहुण्याला दाखवायला म्हणून त्यांनी हात टाकला आणि समोरून जिलेबी वाढत जाणाऱ्या माणसाचा पाय धरला. तो आडवा, जिलेब्या पाहुण्याच्या मांडीवर. सगळे ओरडले. आप्पा शांतपणे म्हणाले, "बघितलं? सुटला का? न्हाई सुटला."

अशा या माणसाच्या मनात एकच गोष्ट अडकून होती. प्रत्येक संघाचा मोठा खेळाडू ठरला होता, फक्त गिरणीच्या संघाचा ठरला नव्हता. नियमाप्रमाणे ते समोरच्यानं सांगायचं, आणि गिरणीविरुद्ध वर्षानुवर्षं खेळलेल्यांपैकी आता नानाच राहिले होते. नाना काही बोलत नव्हते. मी माहेरी निघाले की आप्पा पिशवी घेऊन तयार. परतताना गाडीत बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसत.

"सांगितलं का नानांनी?" मी विचारी.

"इचार करतोय म्हनला." थोड्या वेळानं पुन्हा, "एवढा काय इचार करायचा आसतो गं त्यात?"

त्यांना स्वतःचं नाव ऐकायचं होतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते मात्र तसं एका शब्दानं बोलत नसत.

गेल्या हिवाळ्यात आप्पा अंथरुणाला खिळले. जेवण तुटलं, टीव्ही बंद झाला. कोणी गावाचं नाव काढलं तरी ते डोळे मिटून पडून राहत. शेवटी सुधीरनं नानांना फोन केला, "नाना, एकदा येऊन त्यांचं नाव घ्या. तेवढंच समाधान." नाना दुसऱ्याच दिवशी आले. खुर्ची पलंगाजवळ ओढून बसले.

"आप्पा, ठरलं बग माझं. गिरणीचा सगळ्यात मोठा."

आप्पांनी डोळे उघडले.

"बबन," नाना म्हणाले.

सुधीरनं कपाळावर हात मारला. बबन म्हणजे गिरणीच्या संघातला पकडीचा माणूस, कधीच वारलेला. आप्पा कोपरावर उठले. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच.

"बबन? आरं, तू कोपऱ्यात हुबा ऱ्हानार! तुझ्यावर चढाई कोन करायचं? मी! बबननं तुझं काय केलं? तू कवा आलास चढाईला?"

"एकदा आलो," नाना म्हणाले. "तेवढ्यात कळलं."

"आनि मी काय मैदानात लिंबू सरबत वाटत हुतो व्हय रं?"

स्वतःचा नियम आप्पांनी त्या दिवशी स्वतःच मोडला. दुपारभर ते स्वतःच्या बाजूनं भांडले. भांडता भांडता वरणभात जेवले. मी नानांना दारापर्यंत सोडायला गेले. ते हळूच म्हणाले, "नाव घेतलं आसतं तर कूस बदलून झोपला आसता गं. आता उद्या भांडायला उठंल." तसंच झालं. सकाळी चूळ भरायच्या आधी आप्पांनी फोन मागितला. पुढे उन्हाळाभर हा वाद रोज फोनवर चालला, कधी दमानं, कधी दम लागेस्तोवर. त्या वादातच ते एक दिवस गेले.

तेराव्याला नाना आले. मांडवात जुने ओळखीचे बसले होते. कोणीतरी विचारलं, "नाना, शेवटाला गिरणीचा मोठा कोन ठरला?"

"आप्पाच," नाना खाली बघत म्हणाले. "दुसरा कोन आसनार?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि मग एकेक जण मांडवातून उठू लागला. इतकी वर्षं या घरात जे कधी मिटलं नव्हतं, ते मिटलं होतं. मला ते सहन होईना. मी या वादात कधी तोंड घातलेलं नव्हतं. पण चहाचा ट्रे खाली ठेवला आणि म्हणाले, "मला नाही पटत, नाना. बबनच."

नानांनी वर पाहिलं. "तू बघितलंयस व्हय गं बबनला?"

"नाही. पण एकदाच चढाईला गेलात आणि तेवढ्यात तुम्हाला कळलं, असं तुम्हीच म्हणालात."

कोणीतरी खुदकन हसलं. नानांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. "बस. हितं बस. तुला काय कळतंय चढाईतलं? आप्पा मध्यरेषा ओलांडून आला की आधी कुनाकडं बघायचा, ते सांगतो." आणि ते आप्पांच्या एकेक चढाया सांगू लागले. उठून गेलेली माणसं परत येऊन बसली, सुधीरही आला. नाना दम खायला थांबले की मी म्हणत होते, "तरी नाही पटत," आणि ते पुढची चढाई काढत होते.

मी मुद्दामच लवकर पटवून घेतलं नाही.